वाचकांचे प्रश्न : दिवसा सगळेच कॅमेरे चांगले दिसतात

ॲक्शन कॅमेऱ्यांबद्दल, म्हणजे हेल्मेट-बाइकवर लावायच्या छोट्या कॅमेऱ्यांबद्दल, इतकी पत्रं येऊन पडलीत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय, पण निम्म्या पत्रांचं उत्तर त्यातच आहे, म्हणून कापलं नाही.

प्रश्न : दादा नमस्कार. मी सुदामानगरला राहतो, वय २३, आत्ताच नोकरी लागलीये. रविवारी आमचा पाच-सहा बाइकवाल्यांचा ग्रुप निघतो, कधी जानापाव, कधी मांडू नाहीतर महेश्वर, पावसाळ्यात पातालपाणी. परत येईपर्यंत रात्र होते, मग सराफ्याच्या खाऊगल्लीत खाऊनच घरी. हे सगळं शूट करायचंय. डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ६ नवीन आलाय. एक मित्र म्हणतो गोप्रो सोडून दुसरं काही घेऊच नको, दुसरा म्हणतो इन्स्टा३६० चा एस प्रो २ घे, त्यात ८के आहे. पैसे एकदाच घालता येतील. काय करू? — एक वाचक, इंदूर

उत्तर : तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू सहज लिहून गेलायस, की परत येईपर्यंत रात्र होते. मी तुझ्या जागी असतो तर कॅमेरा याच एका गोष्टीवर निवडला असता.

कारण सांगतो. जानापावच्या टेकडीवर सकाळच्या स्वच्छ उन्हात हे तिन्ही कॅमेरे इतकं सुंदर चित्र देतात की मोबाइलच्या स्क्रीनवर कोणतं कोणाचं ते मलाही ओळखता येणार नाही. तुलनेचे व्हिडिओ बघशील तर बहुतेक दिवसाचेच असतात, डोंगर, निळं आकाश, सायकलवाला, आणि ते बघून आपण रंग कोणाचे जास्त गडद यावर भांडत बसतो. रंग नंतर एडिटिंगमध्ये दोन मिनिटांत बदलता येतात. अंधारात जे रेकॉर्डच झालं नाही ते नंतर कुठून आणणार?

आता आकडे. गोप्रो हीरो १३ ब्लॅक सप्टेंबर २०२४ चा आहे, त्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, १/१.९ इंच. एस प्रो २ ऑक्टोबर २०२४ चा, सेन्सर १/१.३ इंच. ॲक्शन ६ नोव्हेंबर २०२५ मध्ये आला, त्याचा १/१.१ इंच आणि आकाराने चौकोनी. यात खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा, दुकानात पण लोक इथे गोंधळतात. १/१.९ आणि १/१.३ मध्ये क्षेत्रफळाचा फरक साधारण दुपटीचा पडतो. सेन्सर म्हणजे पाऊस झेलायला ठेवलेली परात समज, परात मोठी तर तेवढ्याच वेळात पाणी जास्त जमतं. त्यावर ॲक्शन ६ मध्ये अजून एक सोय आलीये, त्याच्या लेन्सचं भोक लहान-मोठं होतं, एफ २.० ते एफ ४.० पर्यंत, इथेही आकडा लहान तितकं भोक मोठं. आधीच्या ॲक्शन ५ प्रो मध्ये ते एफ २.८ वर पक्कं होतं. २.८ वरून २.० म्हणजे प्रकाश जवळजवळ दुप्पट. एवढ्याशा कॅमेऱ्यात हे बसवलं याचं मला खरंच कौतुक वाटतं.

रात्री नेमकं बिघडतं काय तेही समजून घे, म्हणजे कोणाच्या बोलण्यात येणार नाहीस. प्रकाश कमी झाला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. समज सेकंदाचा तिसावा भाग उघडं राहिलं आणि तुझी बाइक ताशी ४० ने चाललीये, तर तेवढ्यात बाइक सव्वा फूट पुढे गेलेली असते आणि ती सव्वा फुटाची सगळी थरथर एकाच फ्रेममध्ये फासली जाते. स्टॅबिलायझेशन हे एक फ्रेम दुसऱ्या फ्रेमशी जुळवून घेण्याचं काम आहे, फ्रेमच्या आतला फासलेपणा त्याला पुसता येत नाही. म्हणून रात्रीच्या व्हिडिओत रस्ता स्थिर दिसतो पण प्रत्येक खड्ड्याला सगळे दिवे एकदम शहारल्यासारखे होतात. दिवसा ज्या स्टॅबिलायझेशनवर आपण जीव ओवाळून टाकतो तेच रात्री असं वागतं, आणि यावर उपाय एकच, जास्त प्रकाश झेलणारा कॅमेरा, म्हणजे शटर लवकर बंद करता येतं.

मागच्या थंडीत मी हे स्वतः करून पाहिलं. दोन कॅमेरे मिळाले होते, एक लहान सेन्सरचा, एक मोठ्या. आधी एक हेल्मेटच्या हनुवटीला लावून महूनाक्यावरून राजवाड्यापर्यंत आलो, मग दुसरा लावून पुन्हा तोच रस्ता, आणि मग दोन्ही हातात घेऊन सराफ्यात गराडूवाल्याच्या, म्हणजे तळलेला कंद विकणाऱ्याच्या, कढईपाशी उभा राहिलो. वर उघडा बल्ब, खाली तेलाची वाफ, मागे काळोख, यापेक्षा अवघड परीक्षा कॅमेऱ्याला दुसरी नाही. लहान सेन्सरच्या चित्रात बल्ब म्हणजे नुसता पांढरा गोळा, गराडूवाल्याचं कपाळ चकाकतंय आणि डोळे काळे, कढईतले तुकडे एकमेकांत मिसळून पिवळा लगदा झालेला. दुसऱ्यात तुकड्यांच्या तांबूस झालेल्या कडा वेगवेगळ्या दिसत होत्या, झाऱ्यातून निथळणारं तेल दिसत होतं, वरून भुरभुरलेला मसाला दिसत होता. मागच्या काळोखात दाणे दाणे दोन्हीत होते, कमी-जास्त इतकंच, हे पण सांगून ठेवतो, कारण कोणताच ॲक्शन कॅमेरा रात्रीचा दिवस करत नाही.

८के चं बोलू. एस प्रो २ मध्ये ८के आहे, सेकंदाला ३० फ्रेमवर, आणि ८के म्हणजे ४के च्या चौपट पिक्सेल. दिवसा लांबून काढलेल्या शॉटमधला एक तुकडा मोठा करून वापरायचा असेल तर त्याचा उपयोग आहे. पण फाइल जड, साध्या लॅपटॉपवर एडिटिंग अडखळतं आणि बघणारे बघणार मोबाइलवरच. त्या कॅमेऱ्याची मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे, त्याची अडीच इंची स्क्रीन उलटून वर येते, त्यामुळे स्वतःकडे कॅमेरा करून बोलणाऱ्याला आपण फ्रेममध्ये आहोत की नाही ते नीट कळतं. तू बोलणाऱ्यातला असशील तर त्याचा विचार नक्की कर.

गोप्रोवाला मित्र पण चुकीचं बोलत नाहीये. हीरो १२ मधून काढलेलं जीपीएस १३ मध्ये परत आलं, म्हणजे स्पीड आणि रस्त्याचा नकाशा व्हिडिओवर आपोआप चढतो, बाकी दोघांना त्यासाठी वेगळा रिमोट घ्यावा लागतो. अँगल बदलणाऱ्या लेन्स वरून लावता येतात, आणि त्याचे माउंट तर कुठेही मिळतात. तुमच्या ग्रुपमध्ये आधीच दोघा-तिघांकडे गोप्रो असेल, बॅटऱ्या-माउंट एकमेकांचे वापरता येत असतील आणि तुला मुख्यतः दिवसाचाच रस्ता हवा असेल तर मी तुला अडवणार नाही.

बॅटरीवर डोकं घालवू नकोस, वरच्याच क्रमाने १९००, १८०० आणि १९५० एमएएच, यात उन्नीस-बीसचा फरक. चार तास चालते वगैरे जे ऐकशील ते १०८०पी ला, २४ फ्रेमवर, स्क्रीन-वायफाय बंद ठेवून. आपल्यासारख्या वापराला एक जास्तीची बॅटरी लागतेच, ती बजेटमध्ये आधीच धर. कार्डाचा हिशोब मात्र पाठ कर : १२० एमबीपीएस वर शूट केलंस तर सेकंदाला १५ एमबी, म्हणजे तासाला ५४ जीबी. १२८ चं कार्ड साधारण सव्वादोन तासांत भरतं. ॲक्शन ६ च्या पोटात ५० जीबी आहे ती पूर्ण क्वालिटीत तासभर सुद्धा पुरत नाही, पण कार्ड घरी विसरलास त्या दिवशी तीच उपयोगी पडते. कार्डावर व्ही३० लिहिलेलं बघ, म्हणजे सेकंदाला कमीत कमी ३० एमबी लिहिणार.

तर माझं मत : तुझ्या वापराला ॲक्शन ६. पैसे कमी पडत असतील तर कर्ज काढू नकोस, ॲक्शन ५ प्रो चा सेन्सर पण १/१.३ इंच आहे, तो घे आणि उरलेल्या पैशात हनुवटीला लावायचा चांगला चिन माउंट, दुसरी बॅटरी आणि खरं कार्ड घे. घेण्याआधी शक्य असेल तर कोणाचा तरी एक रात्र मागून घे. आणि घेतल्यावर रात्रीसाठी ४के २५ फ्रेम, शटर १/१०० पेक्षा हळू नको, आयएसओची (कॅमेरा चित्र किती उजळवतो त्याची) वरची मर्यादा ३२०० वर बांध, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची छटा ठरवणारी सेटिंग, लॉक कर नाहीतर पिवळ्या बल्बखालून पांढऱ्या ट्यूबखाली गेलास की चेहरे मधेच निळे पडतात.

प्रश्न : माझा मुलगा कॅमेरा घेऊन रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, जायचं म्हणतोय. खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय, मग वरची केस घ्यायला कशाला सांगतात? — एक वाचक, इंदूर

उत्तर : वहिनी, आधी खोक्यावरचा आकडा बघा. हीरो १३ ला १० मीटर, एस प्रो २ ला १२, ॲक्शन ६ ला २० मीटर. हे सगळं दारं नीट बंद असताना आणि पाणी शांत असताना. गेरमध्ये मशीनमधून रंगाच्या पाण्याचा जो मारा येतो तो शांत पाण्यासारखा नसतो, आणि त्यात कोरडा गुलाल पण असतो.

माझ्या हातून झालेलं सांगतो. राजवाड्यासमोर मधेच बॅटरी बदलली, गर्दीत धक्के खात, आणि दार लावलं, टक आवाज पण आला. घरी येऊन बादलीत कॅमेरा बुडवून धुतला तेव्हा दाराच्या कडेने बारीक बुडबुडे वर आले, एकामागून एक. उघडून पाहिलं तर त्या काळ्या रबरी पट्टीवर हिरव्या रंगाचा एकच कण चिकटलेला, मोहरीपेक्षा लहान. तेवढ्या फटीतून पाणी आत गेलं होतं आणि चार्जिंगची पिन हिरवी होऊन बसली होती. कॅमेरा पुढे चालू झाला नाही. त्यात मुलीच्या पहिल्या गेरचं शूट होतं. ते कार्डावर होतं म्हणून वाचलं, तेव्हापासून मी गर्दीत दार उघडत नाही ते नाहीच.

मुलाला सांगा, घरूनच भरलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड घालून दार लावायचं, पट्टीवरून आधी स्वच्छ मऊ कपडा फिरवायचा, आणि परत येईपर्यंत उघडायचं नाही. केस असेल तर उत्तमच, आवाज थोडा दबतो पण गेरमध्ये आवाज कमी झाला तरी काही बिघडत नाही. घरी आल्यावर दार बंद ठेवूनच साध्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचा, चोळायचा नाही, गुलाल घासला तर काचेवर चरे पडतात. माइकच्या भोकांत रंग बसला की पुढचे आठ दिवस आवाज कांबळ्यातून आल्यासारखा येतो, त्यालाही हे बुडवून ठेवणंच कामी येतं. पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

आणि हाच कॅमेरा घेऊन महेश्वरला सहस्रधारेवर पाण्यात उतरणार असेल तर सोबत तरंगणारा दांडा पाहिजेच. नुसता कॅमेरा पाण्यात पडला तर दगडासारखा तळाला जातो, आणि नर्मदेच्या त्या खडकांतून तो परत मिळायचा नाही.

प्रश्न : आम्ही तीन पिढ्यांपासून बडोद्याचे. नवरात्रात गरबा शूट करते तेव्हा व्हिडिओत मागचे दिवे सारखे लपलप करतात, डोळ्यांना दिसत नाही पण व्हिडिओत दिसतं. कॅमेरा खराब आहे का? बदलायचा विचार आहे. — एक वाचक, वडोदरा

उत्तर : ताई, बदलू नका, कॅमेरा चांगला आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. कॅमेरा ३० किंवा ६० फ्रेमवर असला की त्याची लय या १०० शी जुळत नाही आणि ती लपलप रेकॉर्ड होते. सेटिंगमध्ये अँटी फ्लिकर म्हणून असतं, ते ६० वर असेल ते ५० करा. मग २५ आणि ५० फ्रेमचे पर्याय येतील, ते वापरा, शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. मैदानातल्या काही सस्त्या एलईडीमध्ये तरीही थोडं राहतं, पण नव्वद टक्के त्रास जाईल.

दुसरं, स्लो मोशनचा मोह रात्री आवरा. घेर फिरतो तो स्लो मोशनमध्ये फार सुंदर दिसतो हे खरंय, पण १२० फ्रेमवर प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळतो सेकंदाच्या १२० व्या भागाचा, त्याहून जास्त मिळूच शकत नाही, म्हणून चित्र दाणेदार होतं आणि लपलप परत येते. ५० फ्रेमवर काढा आणि निम्म्या वेगाने चालवा, तेवढं पुरतं. ढोल आणि स्पीकरच्या अगदी समोर उभं राहिलात तर आवाज फाटतो, थोडं बाजूला सरका. मोठ्या घेरात कॅमेरा छातीशी धरण्यापेक्षा डोक्याच्या वर दांड्यावर धरलात तर वर्तुळं एकात एक फिरताना दिसतात, एकदा करून बघा.

प्रश्न : आमच्याकडे घरगुती बैठकी होतात, ग्वाल्हेरचं गाणं. दोन-अडीच तास सलग रेकॉर्डिंग हवं. नातू म्हणतो ॲक्शन कॅमेरा आणू, लहान आहे, कोणाच्या नजरेला येणार नाही. योग्य होईल का? — एक ज्येष्ठ वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : काका, यासाठी आणू नका, मनापासून सांगतो. या कॅमेऱ्यांना पंखा नसतो, अंगाची उष्णता बाहेरच्या वाऱ्यावर जाते. बाइकवर वारा लागतो म्हणून चालतात. बंद खोलीत, एका जागी, ४के वर तासभर ठेवलात तर तापून मधेच बंद पडण्याची भीती, आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्यात तर विचारूच नका. नेमका बडा ख्याल रंगात आलाय आणि कॅमेरा बंद, याचं दुःख पैशात मोजता येत नाही.

आवाजाचं तर त्याहून वाईट. याचे माइक वाऱ्यातून माणसाचं बोलणं पकडायला बनवलेत. आवाज हळू झाला की कॅमेरा आपणहून तो वाढवतो, मोठा झाला की दाबतो. म्हणजे गायकाने मुद्दाम हलकाच लावलेला सूर आणि मोकळ्या गळ्याची तान एकाच उंचीवर येऊन बसतात, तानपुरा मधेच फुगतो मधेच बसतो. गाण्यातला जीवच जातो. साधा चांगला ऑडिओ रेकॉर्डर घ्या, गायक आणि तबला दोन्ही सारखे ऐकू येतील अशा जागी स्टँडवर ठेवा, आवाजाची पातळी हाताने एकदा लावा आणि मग हात लावू नका. चित्रासाठी नातवाचा मोबाइल स्टँडवर, चार्जिंगला लावून, १०८०पी वर. नंतर दोन्ही जोडायला सुरुवातीला एक टाळी वाजवून घ्या, चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवली की झालं.

प्रश्न : मोबाइलच बाइकच्या हँडलवर लावला तर? — एक वाचक, इंदूर

उत्तर : नको. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लेन्स हलवून स्थिरता आणणारा बारीक भाग असतो, बाइकच्या इंजिनाच्या थरथरीने तो बिघडू शकतो. २०२१ मध्ये ॲपलने स्वतःच आपल्या फोनबद्दल ही सूचना दिली होती. ॲक्शन कॅमेऱ्यात असा हलणारा भाग नसतो, स्थिरता सॉफ्टवेअरने येते. पण तोही हँडलवर लावलात तर चित्र जेलीसारखं डुलतं, हनुवटीची जागाच बरी.

प्रश्न : हेल्मेटवर कॅमेरा लावला तर चालान होतं का? आणि डीजेआयवर बंदी आहे म्हणे, मग कॅमेरा कसा घ्यायचा? — एक वाचक, इंदूर

उत्तर : केरळात २०२२ मध्ये तिथल्या मोटार वाहन विभागाने हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याविरुद्ध दंडाची भूमिका घेतली होती, कारण धडक झाली तर ती वस्तू डोक्याला इजा करू शकते. दुसऱ्या राज्यात जाताना तिथला नियम विचारून घ्या. हेल्मेटला भोक पाडून कधीच लावू नका, चिकटपट्टीचा किंवा पट्ट्याचा माउंट घ्या जो जोरात आदळला तर निघून पडेल.

बंदी आहे ती परदेशी ड्रोन आयात करण्यावर, फेब्रुवारी २०२२ पासून. कॅमेरा ड्रोन नाही. फक्त पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी लेखी घ्या, दोन-तीन हजार वाचवायला बिनबिलाचा माल घेऊ नका, लेन्सची काच फुटली की तोच वाचलेला पैसा दुप्पट जातो. आणि कार्ड घरी आणल्या दिवशीच कॉम्प्युटरवर लावून काठोकाठ भरा आणि भरलेल्या फाइली परत चालवून बघा, नकली कार्ड १२८ दाखवतं आणि ३२ नंतरचं सगळं गिळून टाकतं. परत करायची मुदत संपायच्या आत हे करा.